शिट्टीविना साठ वर्षे

अमेरिकेत ज्या खेळाला फुटबॉल म्हणतात, तो आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे. आपल्या चर्चच्या पटांगणात मुले पायाने जो चेंडू खेळतात, त्या खेळाला तिकडे ‘सॉकर’ म्हणतात. अमेरिकन फुटबॉलचा चेंडू लांबट असतो. तो हातात धरून धावायचे किंवा पुढच्या गड्याकडे फेकायचा, आणि चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढे सरकायचे. तसे न जमल्यास चेंडू प्रतिपक्षाच्या हाती जातो. धावणाऱ्याला अंगाला अंग भिडवून जमिनीवर लोळवणे याला ‘टॅकल’ म्हणतात. या खेळाचे सारे वैभव आणि सारे दुःख त्या एका शब्दात साठलेले आहे. १९०५ सालच्या एकाच हंगामात डझनाहून अधिक तरुण मैदानावरील दुखापतींनी दगावले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी महाविद्यालयांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये पाचारण केले होते. पुढे नियम बदलले, शिरस्त्राणे आली, छाती-खांद्यांवर जाड गाद्या आल्या. परंतु मुलांना कठोरपणाच्या भट्टीत घातल्याविना त्यांच्यातून खेळाडू घडत नाही, ही समजूत मात्र पक्की राहिली.

या खेळाच्या महाविद्यालयीन इतिहासात सर्वाधिक सामने जिंकणारा प्रशिक्षक कोण, असा प्रश्न विचारला तर पुष्कळ अमेरिकन माणसे मोठमोठ्या विद्यापीठांची नावे घेतील. खरे उत्तर मिनेसोटा राज्यातील एका बेनेडिक्टाइन मठाच्या आवारात सापडते. जॉन गलार्डी हे त्यांचे नाव. ४८९ विजय, १३८ पराभव आणि ११ बरोबरी असा त्यांचा हिशेब आहे. या आकड्यापर्यंत आजवर दुसरे कोणी पोहोचलेले नाही. आम्हांला मात्र आकड्यांपेक्षा ते ज्या रीतीने मिळवले गेले त्या रीतीचे अप्रूप अधिक वाटते, आणि हा लेख लिहिण्याचे कारणही तेच आहे.

गलार्डींचा जन्म १ नोव्हेंबर १९२६ रोजी, म्हणजे सर्व संतांच्या सणादिवशी, कोलोरॅडो राज्यातील ट्रिनिडाड या गावी झाला. नाव पवित्र त्रैक्याचे असले तरी गावाची प्रकृती दगडी कोळशाची होती. भोवतालच्या खाणींत इटली, ग्रीस आणि मेक्सिकोहून आलेले मजूर राबत असत. जॉनच्या जन्माआधी बारा वर्षे, २० एप्रिल १९१४ रोजी, या गावापासून जवळच लडलो येथे संपकरी खाणकामगारांच्या तंबूंवर सशस्त्र हल्ला झाला होता. तंबूखालच्या खड्ड्यात जीव वाचवण्यासाठी दडलेल्या दोन स्त्रिया आणि अकरा मुले धुराने गुदमरून मेली. अशा प्रदेशात इटलीच्या दक्षिण टोकाकडील कालाब्रियाहून आलेल्या व्हेंचुरा गलार्डी यांनी संसार मांडला आणि पुढे मोटारींचे पत्रे ठोकण्याचा व्यवसाय केला. घरात नऊ मुले. कष्ट म्हणजे काय, हे जॉनला कोणी मैदानावर शिकवण्याची गरज नव्हती. पुढे त्याने कृत्रिम कष्टांचा जो तिटकारा दाखवला, त्याचे मूळ येथेच असावे असे आम्हांला वाटते. जे खरोखर राबतात त्यांना राबण्याचे नाटक रुचत नाही.

तो गावातील कॅथलिक हायस्कूलच्या संघात खेळत होता. त्या काळचे प्रशिक्षक व्यायामाचे असंख्य प्रकार करून घेत, बदकासारखे उकिडवे चालायला लावत आणि सरावाच्या वेळी पाण्याचा थेंब घेऊ देत नसत. पाणी पिणारा खेळाडू ढिला पडतो, अशी त्या काळी सार्वत्रिक श्रद्धा होती. आपल्याकडील तालमींत आणि शाळांच्या मैदानांवरही ही श्रद्धा फार उशिरापर्यंत टिकून होती, हे आमच्या पिढीच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. १९४३ साली दुसऱ्या महायुद्धासाठी जॉनच्या प्रशिक्षकांना सैन्यात बोलावणे आले. शाळेने फुटबॉल बंद करण्याचे ठरवले. तेव्हा सोळा वर्षांच्या जॉनने शाळेच्या चालकांना गळ घातली, की संघ मी सांभाळतो, पण खेळ बंद करू नका. चालकांनी मान्यता दिली.

मुलगा प्रशिक्षक झाला, आणि त्याने पहिल्याच दिवसापासून काढून टाकण्याचे काम आरंभले. त्याला आणि त्याच्या सवंगड्यांना ज्या ज्या गोष्टींचा जाच होत होता, त्या सगळ्या त्याने बंद केल्या. बदकचाल गेली, कवायत गेली, पाण्यावरील बंदी गेली. उरलेला वेळ डाव नीट बसवण्यात जाऊ लागला, आणि संघ जिंकू लागला. एखाद्या प्रौढ माणसाने हा बदल केला असता तर त्यामागे तत्त्वज्ञान शोधावे लागले असते. येथे तहानलेल्या मुलाच्या हाती पाण्याची किल्ली आली होती, एवढेच.

शाळा सुटल्यावर त्यांनी कोलोरॅडो कॉलेजात शिक्षण घेतले आणि शिकत असतानाच कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथील सेंट मेरीज हायस्कूलचा संघ घडवला. १९४९ साली पदवी हाती पडली, आणि वयाच्या बाविसाव्या वर्षी मोंटाना राज्यातील हेलेना येथील कॅरल कॉलेजने त्यांना मुख्य प्रशिक्षक म्हणून नेमले. हे हेलेना धर्मप्रांताचे महाविद्यालय. १९०९ साली बिशप जॉन पॅट्रिक कॅरल यांनी ते स्थापले. तेथे चार हंगामांत २४ विजय आणि तीन विजेतेपदे मिळाली. १९५३ साली मिनेसोटातील कॉलेजव्हिल येथील सेंट जॉन्स विद्यापीठाने त्यांना बोलावून घेतले. तेथून ते पुन्हा कोठेही गेले नाहीत.

या स्थळाविषयी थोडे सांगणे अगत्याचे आहे. १८५६ साली पेनसिल्व्हेनियातून आलेल्या मूठभर बेनेडिक्टाइन मठवाशांनी मिनेसोटातील जर्मन कॅथलिक शेतकऱ्यांच्या सेवेसाठी हा मठ उभारला, आणि दुसऱ्याच वर्षी शिक्षणाचे कार्य सुरू केले. भोवती अरण्य, मध्ये सरोवर, आणि झाडांनी वेढलेल्या नैसर्गिक खोलगटात खेळाचे मैदान. कॉलेजव्हिलचे एक ऋण आपल्यावरही आहे. १९२६ साली, म्हणजे गलार्डींच्या जन्मवर्षीच, फादर व्हर्जिल मिशेल यांनी येथे उपासनाविषयक प्रकाशनसंस्था आणि नियतकालिक सुरू केले. सामान्य भाविकाने मिस्साबलिदानात केवळ प्रेक्षक म्हणून न बसता सहभागी व्हावे, या विचाराचे अमेरिकेतील ते केंद्र ठरले. त्याच मठातील फादर गॉडफ्री डिकमन दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत तज्ज्ञ म्हणून सहभागी झाले. ४ डिसेंबर १९६३ रोजी परिषदेची उपासनेविषयीची घटना प्रसिद्ध झाली, आणि पुढे आपल्या वेदीवर मराठी ऐकू येऊ लागली, ती त्या घटनेने उघडलेल्या वाटेवरून. त्यानंतर बरोबर दहा दिवसांनी, १४ डिसेंबर १९६३ रोजी, कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो येथे गलार्डींच्या संघाने टेक्सासच्या प्रेअरी व्ह्यू संघाचा ३३-२७ असा पराभव करून पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही, हे आम्ही जाणतो. तरीही त्या डिसेंबरात त्या मठातील रात्रीच्या जेवणाच्या मेजावर कोणते विषय निघाले असतील, याची कल्पना करण्याचा मोह आवरत नाही.

मात्र १९५३ साली विजेतेपदाचे स्वप्नही कोणी पाहत नव्हते. गलार्डींच्या आधी या पदावर जॉनी मॅकनॅली होते. ‘ब्लड’ या टोपणनावाने गाजलेले हे व्यावसायिक खेळाडू याच संस्थेचे माजी विद्यार्थी. येथे कोणालाही जिंकता येणार नाही, असे जाता जाता त्यांनी आपल्या वारसदाराला बजावले, असे सांगतात. गलार्डींच्या पहिल्याच हंगामात संघाने सहा सामने जिंकले आणि प्रांतिक स्पर्धेच्या विजेतेपदात वाटा मिळवला. महाविद्यालय लहान, माणसे थोडी. तेव्हा नव्या प्रशिक्षकावर बर्फावरील हॉकीच्या संघाचाही भार पडला. कोलोरॅडोच्या खाणमुलखातील या माणसाला त्या खेळाची फारशी माहिती नव्हती. तरी त्यांनी पाच हंगाम तो संघ सांभाळला आणि हरण्यापेक्षा बरेच अधिक सामने जिंकले. हुकूम न सोडता मुलांकडून काम कसे घ्यावे, हे त्यांना तेथेही साधले असावे.

आता त्यांच्या पद्धतीकडे वळू. ‘नाहींच्या बळावर विजय’ असे तिचे नाव पडले, ते यथार्थच होते. सरावात शिट्टी नाही. कवायत नाही. वजने उचलण्याची सक्ती नाही. खांदा लावून ढकलायच्या लोखंडी घसरगाड्या इतर सर्व मैदानांवर असत. येथे त्या नाहीत. खेळाडूंना अपशब्द नाहीत, नवागतांची छळणूक नाही. नाव नोंदवलेल्या कोणालाही संघातून काढणे नाही. त्यामुळे पुढे पुढे संघात दीडशेहून अधिक मुले असत. सराव दीड तासापलीकडे नाही, आणि पाऊस, फार ऊन किंवा डासांचा सुळसुळाट असला तर तोही नाही. सर्वांत मोठा नकार असा, की सरावात टॅकल करणे नाही. ज्या खेळाचा प्राणच पाडापाडीत आहे, त्या खेळाचा सराव कोणालाही न पाडता! मुले साध्या अर्ध्या विजारीत डावाच्या जागा, वळणे आणि क्षण पुन्हा पुन्हा घोकत. अंगाला अंग भिडे ते शनिवारी, प्रत्यक्ष सामन्यात. गलार्डींचा हिशेब साधा होता. धडधाकट खेळाडू सामन्याला लागतो. तो मंगळवारी जायबंदी करून ठेवण्यात कोणते शहाणपण?

कवायतीची तर ते थट्टाच करीत. मुलांनी गवतावर उताणे पडायचे, आकाशाकडे पाहायचे आणि शेजाऱ्याला सांगायचे की दिवस काय सुंदर आहे, असा एक ‘व्यायाम’ त्यांच्या मैदानावर चाले. आणखी एक नकार आपल्या वाचकांना विशेष वाटेल. अमेरिकेत प्रशिक्षकाला नावाने हाक मारीत नाहीत. आपल्याकडे ‘सर’ म्हणतात तसे तिकडे ‘कोच’ म्हणतात, आणि हा मान म्हातारपणीही सुटत नाही. गलार्डींना मुले ‘जॉन’ म्हणत. अठरा वर्षांचा मुलगा ऐंशी वर्षांच्या माणसाला जॉन म्हणे, आणि त्यात उद्धटपणा कोणाला दिसत नसे. सुवर्णनियम पाळणारी मुले मला हवीत, असे ते सांगत. मत्तयलिखित शुभवर्तमानातील तो नियम आपण प्रवचनांतून पुष्कळ ऐकतो. एखाद्या प्रशिक्षकाने तो खेळाडू निवडण्याची कसोटी म्हणून वापरल्याचे आम्ही दुसरीकडे ऐकलेले नाही.

या पद्धतीचे मोल कळण्यासाठी त्याच काळातील दुसरे चित्र शेजारी ठेवले पाहिजे. गलार्डी कॉलेजव्हिलला येऊन एक वर्ष झाले होते. १९५४ च्या सप्टेंबरात टेक्सास ए अँड एम या महाविद्यालयाचे नवे प्रशिक्षक पॉल ‘बेअर’ ब्रायंट यांनी आपल्या खेळाडूंना जंक्शन या दुष्काळग्रस्त गावी नेले. दहा दिवस रणरणत्या उन्हात, पाण्याची सुट्टी न देता सराव चालला. एक मुलगा उष्माघाताने कोसळला आणि मरता मरता वाचला. सुमारे शंभर मुले गेली होती. शेवटपर्यंत टिकली ती पस्तीसच्या आसपास. बाकीची रात्री-अपरात्री पळून गेली. त्या हंगामात त्या संघाने दहांपैकी नऊ सामने गमावले. दोन वर्षांनी, १९५६ साली, उरलेल्यांतून घडलेला संघ अपराजित राहिला आणि प्रांतिक विजेता ठरला, हेही न्यायाने नमूद केले पाहिजे. पण जनमानसात उरली ती या दुसऱ्या वर्षाची कथा. जंक्शनच्या मुलांवर पुढे पुस्तक निघाले, चित्रपट निघाला, आणि पिढ्यान्‌पिढ्या प्रशिक्षकांनी त्यातून धडा घेतला तो छळाचा. मध्येच पळालेली मुले त्या कथेत दुबळी ठरली. ती केवळ तहानलेली होती, असे म्हणणारा आवाज क्षीण होता.

त्या धड्याची किंमत कोणी मोजली? १ ऑगस्ट २००१ रोजी मिनेसोटा व्हायकिंग्ज या व्यावसायिक संघाचा सत्तावीस वर्षांचा खेळाडू कोरी स्ट्रिंगर सराव शिबिरातील उष्माघाताने मरण पावला. ते शिबिर मँकेटो गावी होते. म्हणजे ज्या राज्यात गलार्डी जवळजवळ पन्नास वर्षे उन्हाच्या दिवशी मुलांना घरी पाठवीत होते, त्याच राज्यात. डोक्यावर वारंवार आदळणाऱ्या धक्क्यांची कथा याहून हळू आणि याहून करुण आहे. २००२ साली माइक वेबस्टर हा नामांकित खेळाडू भ्रमिष्टावस्थेत, निराधार होऊन वारला. त्याच्या मेंदूची तपासणी करणारे नायजेरियात जन्मलेले डॉक्टर बेनेट ओमालू यांनी २००५ साली आपला निबंध प्रसिद्ध केला, आणि या खेळातून मेंदूला होणारी कायमची इजा जगापुढे आली. त्यानंतर हळूहळू नियम बदलू लागले. २०१६ साली आयव्ही लीग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आठ प्रतिष्ठित विद्यापीठांच्या प्रशिक्षकांनी हंगामातील सरावात टॅकल बंद करण्याचे एकमताने ठरवले. वृत्तपत्रांनी तो क्रांतिकारक निर्णय म्हणून छापला. कॉलेजव्हिलच्या जुन्या विद्यार्थ्यांना तो वाचताना हसू आले असेल.

गलार्डींवर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांचीही दखल घ्यायला हवी. पहिला असा, की त्यांचे विजय लहान महाविद्यालयांविरुद्धचे. बलाढ्य विद्यापीठांशी त्यांची गाठ पडली नाही. हे खरे आहे. सेंट जॉन्स ज्या तिसऱ्या श्रेणीत खेळते, तेथे खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. पण मग प्रतिस्पर्ध्यांचीही अडचण तीच होती, आणि त्यांच्याजवळ शिट्ट्या, घसरगाड्या, कवायती सारे काही होते. दुसरा आक्षेप आम्हांला अधिक जड वाटतो. दीडशे मुलांचा संघ म्हणजे शंभराहून अधिक मुले वर्षानुवर्षे बाकावर. कोणालाही न काढणे ही दया, की प्रत्येकाला आशेवर ठेवण्याचा एक प्रकार? त्या बाकावर बसूनही मुले येत राहिली, एवढे दिसते. तेवढ्याने प्रश्न पूर्ण मिटतो असे मात्र आम्ही म्हणणार नाही.

मठाच्या प्रभावाविषयीही तारतम्य हवे. संत बेनेडिक्ट यांची नियमावली मठाधिपतीला मिताचार शिकवते. बलवानाला झेपेल आणि दुर्बळ पळून जाणार नाही अशी वाट त्याने शोधावी, अशी तिची अपेक्षा आहे. ती अपेक्षा वाचताना जंक्शनहून रात्री पळालेली मुले डोळ्यांपुढे येतात. पण गलार्डींनी आपली पद्धत मठातून घेतली असे म्हणणे चुकीचे ठरेल. ती त्यांनी सोळाव्या वर्षीच घडवली होती. मठाने ती साठ वर्षे चालू दिली, हे श्रेयही लहान नाही. त्याचबरोबर, याच मठातील काही जणांनी केलेल्या लैंगिक अत्याचारांची प्रकरणे पुढे उघड झाली आणि २००२ साली मठाला पीडितांशी समझोता करावा लागला, हे सत्य गाळून कॉलेजव्हिलचे गोडवे गाणे आम्हांला प्रशस्त वाटत नाही.

१९६५ आणि १९७६ साली आणखी दोन राष्ट्रीय विजेतेपदे आली. मग दीर्घ काळ शेवटची पायरी हुकत राहिली. २००० साली अंतिम सामना तीन गुणांनी गेला. २००३ हे वर्ष सत्त्याहत्तरीतील गलार्डींचे ठरले. ८ नोव्हेंबर रोजी घरच्या मैदानावर बेथेल संघाला २९-२६ असे हरवून त्यांनी ४०९ वा विजय मिळवला आणि लुइझियानातील ग्रॅम्बलिंगचे एडी रॉबिन्सन यांचा ४०८ विजयांचा विक्रम मागे टाकला. रॉबिन्सन कृष्णवर्णीय. १९४१ पासून १९९७ पर्यंत ते एकाच कृष्णवर्णीय महाविद्यालयात राहिले. कारकिर्दीच्या पूर्वार्धात दक्षिणेतील गोऱ्या विद्यापीठांचे दरवाजे त्यांना बंदच होते. गलार्डींना दरवाजे बंद नव्हते, तरी ते आपल्या अरण्यातच राहिले. विजयांच्या यादीतील ही दोन नावे मोठ्या विद्यापीठांच्या झगमगाटाबाहेरची असावीत, आणि त्यांतील एक वर्णभेदामुळे बाहेर राहिलेले असावे, यात त्या देशाच्या इतिहासाचे एक पान आहे. त्याच डिसेंबरात सलग ५५ सामने जिंकत आलेल्या माउंट युनियनला सेंट जॉन्सने २४-६ असे नमवले आणि चौथे राष्ट्रीय विजेतेपद घेतले. २००६ साली महाविद्यालयीन फुटबॉलच्या गौरवमंदिरात गलार्डींचा समावेश झाला, तोही पदावर असताना. तिसऱ्या श्रेणीतील सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा करंडक तर १९९३ पासूनच त्यांच्या नावाचा होता.

२०१२ च्या नोव्हेंबरात, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, ते निवृत्त झाले. शेवटच्या हंगामात पाच विजय आणि पाच पराभव होते. सेंट जॉन्समध्ये साठ हंगाम, कॅरलमध्ये चार. २०१७ साली अमेरिकेतील महाविद्यालयांच्या क्रीडासंघटनेने दिवसातून दोनदा अंगाला अंग भिडवणारे सराव घेण्यावर बंदी घातली. तरीही २०१८ च्या जूनमध्ये मेरीलँड विद्यापीठाचा एकोणीस वर्षांचा खेळाडू जॉर्डन मॅकनेअर सरावात उष्माघाताने कोसळून मरण पावला. त्याच वर्षी ७ ऑक्टोबर रोजी जॉन गलार्डी यांचे निधन झाले. ते एक्याण्णव वर्षांचे होते.